पन्ह्याएवढी जागा

"तुकडा फेकू नको व," एवढंच म्हणून माय आत निघून गेली.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस होता. आदल्या दिवशीचं पुरण अजून पोटात जड होतं, रसाच्या पातेल्याभोवती माश्या घोंघावत होत्या आणि नाक्यावरून आणलेला माणूस मागच्या अंगणातल्या शहाबादी फरश्या पहारीनं उखडत होता. सकाळचे साडेसात वाजले असतील. पण आमच्या धुळ्यात मे महिन्यातल्या उन्हाला कोवळेपण नसतंच, ते उगवतं तेच तापलेलं. पहार सांध्यात शिरली की आधी चुन्याचा कोरडा कर्र आवाज यायचा, मग फरशी डब्याच्या झाकणासारखी सुटायची आणि खालून वीस-पंचवीस वर्षं कोंडून राहिलेला मातकट, दमट वास वर यायचा. तो वास घेत मी वहीतला नकाशा हातात धरून उभी होते. 12 बाय 16 फुटांचं अंगण, तीन वाफे, मध्ये एकेक फुटाच्या दोन वाटा. स्केचपेननं रंगवलासुद्धा होता, हिरवा. माय दारात आली, पदर डोक्यावर ओढून थोडा वेळ पाहत राहिली आणि ते एक वाक्य टाकून गेली.

आमच्या घरात सासूबाईंना सगळे माय म्हणतात. हे म्हणायचे म्हणून मीही म्हणायला लागले, मग मुलंही. आता 78 वर्षांची आहे. आमच्याशी, पाहुण्यांशी, टीव्हीशी मराठीत बोलते, पण राग, माया आणि भाजीचा भाव या तीन गोष्टी तिच्या तोंडून अहिराणीतच निघतात. त्यामुळे ती कुठल्या बोलीत बोलली यावरूनच मला अर्धं कळतं. उरलेलं अर्धं त्या दिवशी काही केल्या कळेना. 48 फरश्यांपैकी फुटल्या असतील पाच-सहा. त्यांच्या तुकड्यांचं हिला काय पडलंय? "कशाला उखडता?" असं तिनं विचारलं नव्हतं, "मला न विचारता?" असंही नाही. विचारलं ते शेजारच्या काकूंनी, कंपाउंडवरून मान काढून: "आते बिबडा कथा टाकशात व?" बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आता कुठे घालणार, असं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मग दिवसभर पहारीचा आवाज मला वेगळाच ऐकू यायला लागला.

कारण ते अंगण अकरा महिने कुणाचंच नसलं, तरी एक महिना मायचं असायचं. एप्रिलच्या मध्यापासून तिथे खाटा पडायच्या. उडदाचे पापड, कुरडया, बटाट्याचा कीस, सांडगे, पन्नास कैऱ्यांच्या फोडी हळद-मीठ लावून, लाल मिरच्या, आणि सगळ्यात शेवटी, ऊन अगदी टिपेला पोचलं की ज्वारीचे बिबडे. ज्वारी तीन दिवस भिजायची, तिचा आंबूस वास घरभर फिरायचा. मग धुऊन, दळून, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण आणि तीळ घालून मोठ्या पातेल्यात त्याचं शिजवण. ते रटरटायला लागलं की मुलं वाट्या घेऊन रांगेत. गरम पीठ, त्यावर कच्चं तेल. पहाटे पाचला ओल्या धोतरावर हे पीठ पाण्याच्या हातानं थापायचं, दुपारपर्यंत ऊन ते खडखडीत वाळवतं. मग धोतर उलटं करून पाठीवर पाणी शिंपडायचं, की बिबडा कडेनं सुटत अख्खा हातात येतो. लग्न होऊन आले तेव्हा मला हे काम शिक्षाच वाटायची. पुढे नोकरी लागली आणि मी त्यातून सुटले. माय सुटली नाही, किंवा तिला सुटायचं नव्हतं. गुडघ्यांनी गच्चीचा जिना बंद केल्यावरही मागचं अंगण होतंच.

मी मात्र त्या अंगणाकडे पाहून इतकी वर्षं एकच गोष्ट म्हणत आले: केवढी जागा वाया चाललीय.

माझी बाग तेव्हा भिंतीकडेच्या हातभर पट्ट्यात होती. कढीपत्ता, तुळस, एक शेवगा, मोगऱ्याची दोन झाडं आणि मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू. दोन वर्षांपूर्वी तिथेच चार भेंड्या, दोन वांगी लावली आणि त्या एवढ्याशा यशानं मला चढली. मोबाइलवर बागकामाचे व्हिडिओ बघायचं वेड लागलं. त्यातली बहुतेक माणसं पुण्या-मुंबईकडची, गोड बोलणारी, कोकोपीटवर फार श्रद्धा असणारी. "उन्हाळ्यात झाडांना सहा तास ऊन मिळेल याची काळजी घ्या," असं त्यातल्या एकीनं सांगितलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले. बाई, एकदा धुळ्याला या. इथे पारा 44-45 वर गेला की ऊन मिळावं म्हणून कुणी काळजी करत नाही, ते चुकवायचं कसं याचीच विवंचना. तरी ऐकायचं ते मी ऐकलंच. एप्रिलमध्ये पालक पेरला, तो वीतभर झाला नाही तोच तुऱ्यावर गेला. टोमॅटोची सहा रोपं लावली, ती वाढली, फुलली, आणि फूल न् फूल देठातून गळून पडलं. मी खत घाल, ताक फवार असे उपाय करत बसले. दिवस 35 अंशांच्या पलीकडे तापला की टोमॅटोचा पराग कामाचा राहत नाही, फूल धरत नाही, हे मागाहून वाचलं. रोपाची चूक नव्हती, खताची नव्हती. माझ्या मुहूर्ताची होती.

तरीही यंदा मी अंगण उखडलं. पोरगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आई, वीस रुपयांना जुडी मिळते, कशाला उन्हात मरतेस?" याला उत्तर नाही माझ्याकडे. जुडीचा हिशेब केला तर ही बाग तोट्यातच आहे. मजुराची दोन दिवसांची मजुरी, गाळाच्या मातीची एक ट्रॉली, शेणखत, बांबू. पण सकाळी चहाच्या आधी जाऊन कोंब वर आलाय का बघणं, यात जे आहे ते जुडीत नाही.

फरश्यांखाली माती असेल असा माझा समज होता. माती कुठली? आधी चुन्याचा थर, मग मुरूम, मग विटांचा भुगा, घर बांधताना उरलेल्या सळयांचे गंजके तुकडे, एक चपलेचा अंगठा आणि एक चिनी मातीची कपबशी, कान तुटलेली. दीड फूट खणल्यावर काळीचं दर्शन झालं. वीस-पंचवीस वर्षं पाण्याचा थेंब न लागलेली आमची काळी माती म्हणजे लोखंड. कुदळ मारली की ठिणगी उडेल की काय वाटावं. तीच ओली झाली की चपलेला पायलीभर चिकटणार. काळीला अधलंमधलं काही जमत नाही, फुगली तर फुगली, तडकली तर हात जाईल एवढी भेग. तिच्यात तलावातून उपसलेला गाळ आणि शेणखत कालवलं. शेणखत कच्चं होतं, ही माझी दुसरी चूक. विकणाऱ्यानं "एकदम कुजलेलं" म्हणून दिलं आणि मी वरवर भुसभुशीत पाहून घेतलं. ढीग फोडला तर आतून वाफ आली, आणि वाफेच्या खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, जाडजूड, पांढऱ्या हुमणीच्या अळ्या. मी किंचाळले. मायनं शेजारच्या घरून दोन कोंबड्या मागवून घेतल्या आणि खुर्ची टाकून तो सोहळा बघत बसली. कोंबड्यांनी तासाभरात माझी लाज राखली. मधल्या वाफ्यात मात्र खत जास्त पडलं होतं, तो तापून निवेपर्यंत तसाच मोकळा ठेवायचा ठरलं. हे लक्षात ठेवा, मधला वाफा मोकळा होता.

पहिली पेरणी भेंडीची. बी रात्रभर भिजवलं, सकाळी पेरायचं म्हणून, पण अकरा वाजले. वाफ्यात बोट खुपसलं तर चटका बसला, तरी पेरलंच, वर पाणी शिंपडलं. सहा दिवसांत तिसातले नऊ कोंब आले, आणि त्यातले चार जमिनीलगत भाजल्यासारखे पिवळे पडून आडवे झाले. माय रोज बघत होती. सातव्या दिवशी संध्याकाळी तिनं मला झारी आणायला लावली. आधी वाफा चांगला ओलवला, वाफ निघून जाऊ दिली, दिवेलागणीला एकेक बी पेराएवढं खाली ढकललं आणि वर भिजवलेलं गोणपाट अंथरलं. चौथ्या दिवशी सकाळी गोणपाट उचललं तर खाली सगळे कोंब मान वाकवून उभे, शाळा भरल्यासारखे. त्या संध्याकाळी तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, बोटानं दिशा दाखवत: उगवतीचं ऊन झाडाला खाऊ द्यायचं, मावळतीचं नाही. म्हणून पश्चिमेच्या भिंतीलगत मांडव, त्यावर गिलकी, म्हणजे घोसाळी, आणि दोडकी, आणि मांडवाच्या सावलीत गवार, भेंडी, मिरचीची रोपं. माझ्या हिरव्या नकाशात मांडव पूर्वेला होता. चित्रात तिथे तो छान दिसत होता.

पाण्याचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. आमच्या कॉलनीत नळ येतो तो चार-पाच दिवसांनी, आणि आला की गल्लीत आरडाओरड. ठिबक टाकावं तर त्याला टाकी उंचावर हवी, दाब हवा. मग मला मडक्यांची युक्ती आठवली. वाफ्यात मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरून वर झाकण ठेवायचं, ते आतून झिरपत मुळांना पाणी देतं, वरची माती कोरडी राहते. मडकी घरात होतीच, माळ्यावर उपडी घातलेली. सासऱ्यांच्या नावानं आखाजीला भरलेल्या घागरी. ते गेल्यापासून दर आखाजीला एक नवी घागर भरली जाते, वर खरबूज, सांजोरी, आंबे ठेवून पुजली जाते, आणि पुढे तो उन्हाळा घर तिचं पाणी पितं. दुसऱ्या वर्षी नवी आली की जुनी माळ्यावर. अशा पाच होत्या. त्या उतरवताना माझा हात जरा अडखळला. पितरांची घागर वाफ्यात पुरायची म्हणजे शोभतं का? मायला विचारायचं धाडस होईना, म्हणून ती दुपारची झोपलेली असताना मी त्या पुरल्या. चोरासारख्या.

दोन दिवस घागरी काठोकाठ तशाच. थेंब झिरपेना. तिसऱ्या दिवशी माय काठी टेकत आली, वाकून घागरीत पाहिलं, आणि हसली. "जे पानी गार करस नही, ते पानी सोडी का?"

इतकं सरळ होतं ते. मडकं झिरपतं म्हणून पाणी गार होतं. वर्षभर आमच्या खाऱ्या पाण्यानं त्याची छिद्रं क्षारांनी बुजली, म्हणून तर ते गार करेनासं होतं आणि नवं आणावं लागतं. माळ्यावरच्या पाचही घागरी नेमक्या त्याच कारणानं निवृत्त झालेल्या. हे मी बी.एस्सी. होऊन ओळखलं नाही. मग आम्ही दोघींनी त्या उपसून काढल्या, बाहेरून विटेच्या तुकड्यानं आणि आतून लिंबाच्या सालींनी घासल्या. पाचांपैकी तीन पाझरायला लागल्या, दोन हट्टीच राहिल्या. घासताना मी धीर करून विचारलं, "माय, चालतं ना हे? बाबांच्या घागरी आहेत." तिनं घासायचं थांबवलंसुद्धा नाही. म्हणाली, "त्यासनं पानी देवानंच काम व्हतं."

सासरे तरुणपणी पाटकरी होते, शेतांना पाटाचं पाणी देणारे, हे मला माहीत होतं, पण मी ते घागरीशी कधी जोडलं नव्हतं. त्यांचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठाला. तिकडे फडपद्धत, तीनशेहून अधिक वर्षांची. नदीवर दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली आणि एका फडात सगळ्यांचं पीक एकच. कुणीही आपल्या शेताला आपण पाणी घ्यायचं नाही. ते देणार पाटकरी, ओळीनं, एकाचं भिजलं की दुसऱ्याचं. राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार. सासरे सांगायचे, फावडं हातात असलं की भाऊबंद दिसत नाहीत, फक्त माती दिसते, कोरडी का ओली. पुढे ते गिरणीत लागले आणि शहरात आले, पण हात तोच राहिला. आमच्या त्या हातभर पट्ट्यात ते रोज संध्याकाळी पायाच्या अंगठ्यानं मातीत चर ओढायचे आणि मोरीचं पाणी अळूकडून मोगऱ्याकडे वळवायचे. मी म्हणायची, पाइप लावा ना बाबा. ते "हो" म्हणायचे आणि अंगठ्यानं चर ओढायचे.

माझं माहेर तापीकाठचं, चोपड्याकडचं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भाच्याच्या लग्नाला चार दिवस गेले. तिथलं घर जुनं, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. लहानपणी आम्ही सगळे उन्हाळाभर धाब्यावर झोपायचो, संध्याकाळी पाणी मारलं की मातीतून वाफ निघायची आणि गोधडी टाकेपर्यंत धाबं निवायचं. आजीचे वेल परसातून भिंतीवरून थेट धाब्यावर चढलेले असत. तेव्हा एक खेळ होता आमचा: अंथरुणं घालायच्या वेळी दोडक्याची फुलं उमलायची, डोळ्यांसमोर. पिवळीधमक. गिलक्याच्या कळ्या मात्र मिटलेल्याच. आणि पहाटे कावळ्याच्या आधी जाग आली तर उलटं, दोडक्याची मलूल पडलेली आणि गिलक्याची उघडलेली. दोन्ही वेल सख्ख्या भावंडांसारखे, पान तेच, रंग तोच, वेळ तेवढी वेगळी. आजी म्हणायची, एकाची दिवसपाळी, एकाची रातपाळी. दुधी रातपाळीवाला, कारलं दिवसपाळीवालं. आता तिथे धाब्यावर पत्रे आलेत आणि परसात ट्रॅक्टर उभा असतो. भावाची केळी आहे, नऊ एकर, ठिबकावर. भाजी तो बाजारातून आणतो. मी त्याला माझ्या बागेचे फोटो दाखवले. शेतकऱ्याला आपल्या वाफ्याचे फोटो दाखवण्यात एक प्रकारचा वेडेपणा असतो, त्यानं ते दोन बोटांनी मोठे करून बघितले आणि विचारलं, "मधी काय लावशील, ताई?"

मधल्या वाफ्याचं माझं ठरलं होतं. भरिताची वांगी. रोप टाकून झालं होतं, मृगात लावणी करायची, थंडीत पोत्यानं भरीत. तुराट्यांवर भाजलेलं, हिरवट पांढरं, कमी बियांचं वांगं. 2016 मध्ये त्याला जळगावच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्याकडे कुणाला फार नवल वाटलं नाही. ज्यानं एकदा खाल्लंय त्याला कागद लागत नाही. भावानं बसमध्ये बसवताना केळीच्या खांबाचे काप पोतंभर दिले, वाफ्यावर आच्छादन घाल म्हणून. ते ओझं सांभाळत घरी आले, पोतं टेकवायला सरळ मागे गेले, आणि दारातच थांबले.

मधला वाफा नव्हता. तिथे फरश्या होत्या. दोन-दोनच्या आठ ओळी, दारापासून थेट भिंतीपर्यंत, सरळ रेषेत. फुटलेल्या तुकड्यांनी कडेच्या फटी बुजवलेल्या. आणि दाराशी बादली, तिच्यात ज्वारी भिजत घातलेली.

हे बिचारे पाठीत उसण भरून पलंगावर पडले होते. आईच्या सांगण्यावरून त्यांनी आणि शेजारच्या पोरानं दोन दिवस फरश्या ओढल्या होत्या. मला राग आला, खोटं कशाला बोलू. खणायला दोन दिवस, गाळ, खत, कोंबड्या, आणि त्यावर पुन्हा दगड! मी पोतं तिथेच टाकलं, स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच जोरात लावली. मायनं काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. न बोलणं मी तिच्याकडूनच शिकलेय, आणि आता तिच्याहून बरं जमतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला पातेल्याच्या आवाजानं जाग आली. उठावंसं वाटत नव्हतं, तरी उठले. मायनं सासऱ्यांचं जुनं धोतर भिजवून, पिळून, फरश्यांवर अंथरलं. त्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, बरोबर दोन फरश्यांएवढा. इकडे बोटभर कमी नाही, तिकडे बोटभर जास्त नाही. (आमच्या धाकट्याला पन्हा म्हणजे कैरीचं तेवढंच माहीत, कापडालाही पन्हा असतो हे सांगितलं तर तो बाटली शोधायला लागला.) मी वाकून ते बघितलं आणि मला एकदम कळलं, की ही जागा तिनं टेपनं मोजलेली नव्हती. वीस-पंचवीस वर्षं ती दर उन्हाळ्यात याच फरश्यांवर हेच कापड पसरत आली होती. मी 12 बाय 16 मोजले तेव्हा मला त्यातला एक फूटही ओळखीचा नव्हता.

ती थापत गेली, मी तिला पीठ देत गेले. बोटं पाण्यात बुडवायची, गोळा ठेवायचा, मध्यापासून कडेला हात फिरवत न्यायचा. माझे बिबडे मध्ये जाड, कडेला फाटके. डाव्या हाताला भेंडी, उजव्या हाताला मांडव, आणि मांडवावर गिलक्याची पिवळी फुलं त्याच वेळी उमलत होती. ऊन वर आलं तसा तिचा चेहरा खुलत गेला. मी मात्र सवयीनं वेलांकडे पाहत होते, माना टाकतायत का म्हणून. इतकी वर्षं एकाच घरात राहून मे महिन्यात आम्ही दोघी आभाळाकडे अगदी उलट्या गोष्टी मागत आलो होतो. मला ढग हवा होता. तिला तो दिसला तरी ती धोतर गुंडाळायला धावली असती. त्या दिवशी ढग आला नाही. दुपारी धोतर उलटं करून तिनं पाठीवर तांब्यानं पाणी शिंपडलं, ते फरशीवरून ओघळलं, तुकड्यांच्या फटीतून दोन्ही बाजूंच्या वाफ्यांत गेलं. भेंडीच्या ओळीपर्यंत ओल पोचली. तिनं फरश्या बसवताना मधे उंच आणि कडांना उतार ठेवून घेतला होता, हे मला तेव्हा दिसलं.

वांग्यांना जागा मिळाली नाही, असं नाही. भिंतीकडच्या पट्ट्यातलं अळू काढून आठ रोपं कोंबली. दाटी झाली आहे, आणि यंदा पोत्यानं भरीत होणार नाही हे मला माहीत आहे. कधीकधी मागच्या दारात उभी राहिले की त्या सोळा फरश्यांवर मनातल्या मनात वांगी लावून बघते. रुखरुख आहे, ती काही जायची नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तर मांडवानंही रडवलं. वेल अंगावर आलेले, फुलं ढीगभर, फळ नाही. सगळी नर फुलं, घोसांनी. उष्मा आणि लांब दिवस असले की वेलांचं असंच होतं. मग बारीक गिलकं पाठीशी घेऊन पहिलं मादी फूल आलं, तेव्हा मी पहाटे साडेपाचला नर फूल तोडून, पाकळ्या सोलून, त्याचा पराग तिच्यावर टेकवला. एखाद्याचं लग्न जमवताना होते तशी धडधड झाली. माय मागून म्हणाली, भुंगे मेले का सगळे? नव्हते मेले. पहिला वळीव पडल्यावर इतके आले की मला कामच उरलं नाही.

गवारीनं मात्र कमाल केली. ती इतकी आली की खाऊन, वाटून, पुण्याला पाठवून उरली. मायनं ती वाफवून फरश्यांवर वाळत घातली, अधूनमधून पडणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत, पाऊस आला की उचलत, गेला की पसरत.

परवा भेंडीत निंदत होते तर फरश्यांच्या कडेला पाच-सहा कोंब दिसले, भेंडीचे नव्हेत. लांब, निमुळती पानं, मधे पांढरी शीर. ज्वारी. त्या दिवशी भिजवणाचं पाणी मायनं वाफ्यात ओतलं होतं, त्याबरोबर दाणे गेले असणार. तीन दिवस पाण्यात राहून, आंबूस होऊनही उगवले. खुरपं हातात धरून मी बसून राहिले. फोटो काढला. राहू द्यावेत असं वाटायला लागलं, एखादं कणीस येईल, मग ते मायला दाखवू, वगैरे. तेवढ्यात माय काठी टेकत आलीच. बघितलं, वाकली, दोन झटक्यांत सगळे मुळासकट उपटून माझ्या हातात दिले.

"बकरीले देऊ नको," म्हणाली. "कवळी ज्वारी लागस जनावरले." म्हणजे बाधते, विषासारखी.

मी ते खताच्या खड्ड्यात टाकले. ती फरशीवर बसून गवार वरखाली करायला लागली होती.